हिराचं माप

काट्याचं म्हणशील तर तो केव्हाच मेला,
इशाक सोलकर म्हणाला, काचेवर बोट वाजवत.
आत एक वाळलेली मुंगी,
भरलेलं आणि रिकामं यांच्या बरोबर मधे.
पण हिला पेट्रोल पाजायचं नाय, बाबा,
नुसता वास दाखवायचा.
पालशेतपासून हेदवीपर्यंत सोळा वर्षं
पाव-बटर वाटलं मी हिच्यावर,
आता गुडघे ऐकत नाय, म्हणून.

सीट उचलली तर खाली
अजून भट्टीचा वास.

अठ्ठावीस हजार. त्यातले आठ उधार.

मी ठेकेदाराकडचा मीटर रीडर.
माडांतून, गोठ्याच्या पडवीतून
दिवसाला साठ-सत्तर घरांचे आकडे टिपतो.
कुणाचा पंखा किती फिरला,
कुणाच्या बागेतला पंप रात्रभर चालू राहिला,
सगळं ठाऊक.
माझ्या दोन मांड्यांमधे किती शिल्लक आहे,
ते तेवढं नाही.

आधी मी कान लावला.
नारळ घेताना हलवतात तशी गाडी हलवायची.
डुबुक म्हणजे वेळणेश्वर गाठेल.
चुळुक म्हणजे मागे फिर, शृंगारतळीचा पंप बघ.
मग आईच्या खराट्यातला हीर काढला, जाडसर,
नखाने त्याच्यावर गावं कोरली:
हे घर, हे नरवण, हे तवसाळ.
टाकीत बुडवायचा, वर काढायचा,
आणि ओल उडायच्या आत वाचायचं
आपण कुठपर्यंत आहोत ते.

पण हीर सरळ रस्त्याची भाषा बोलतो.
आमच्याकडे सरळ म्हणजे सडा,
नाहीतर समुद्र.
बाकी नुसती चढण,
आणि चढणीला ही वास घेत नाही, ढोसते.

गेल्या बुधवारी नरवणच्या पुढे
गाडीला ठसका लागला.
संध्याकाळ. कातळ दिवसभराचं ऊन परत करत होता.
ठीक आहे, रिझर्व्ह आहे की, म्हणून
हात खाली गेला.
खटका आधीच तिथे होता.

फोन लावला.
रिझर्व्ह? सोलकर हसला.
अरे, आमच्या शबानाच्या लग्नापासून तिथंच हाय तो.
वर केलाच नाय कधी.
मग रेंज गेली.

शबानाला दोन मुलं आहेत, मोठा तिसरीत.
म्हणजे इतकी वर्षं हा माणूस
शेवटच्या लिटरवर पाव वाटत होता.
आणि पोचत होता.
पहाटे, गरम असतानाच.

मी गाडी डाव्या कुशीवर आडवी केली,
व्यायला आलेल्या म्हशीशी बोलावं तसं काहीबाही बोललो.
टाकीच्या पलीकडच्या पोटातलं घोटभर
अलीकडे आलं.
चौथ्या किकला तिने धरलं
आणि उताराच्या तोंडाशी आणून सोडलं.
पुढे इंजिन नाही,
फक्त चेनची किरकिर, ब्रेकचा करपट वास,
आणि वळणावळणाला खाडी, आधीपेक्षा मोठी.

जेट्टीवर फेरीबोट निघून गेलेली.
तिचा दिवा जयगडच्या बाजूला लागलेला.
मथुरा पालशेतकर जाळं गुंडाळत होती.
होडीच्या मशीनचं पेट्रोल तिने बाटलीत ओतून दिलं,
तेल घातलेलं, निळसर.
धूर करील, म्हणाली. करू दे.
पैसे घेईना.
एवढंच विचारलं,
बिल एवढं का रे येतं आमचं? दोन तर दिवे.
बघतो, म्हणालो.
खरंच बघायला हवं.

हेदवीपर्यंत माझ्यामागे
मच्छर मारायच्या गाडीसारखा धूर.

दुसऱ्या दिवशी टाकी फुल केली. खटका वर केला.
दोन बोटांची गोष्ट, पण घट्ट बसलेला,
पकडीने फिरवावा लागला.
आता खाली एक लिटर आहे, मला माहीत आहे,
तरी दर सड्यावर थांबतो,
गाडी हलवतो, हीर बुडवतो.
तो मोडला की नवा.

आई म्हणते, खराट्याला
उंदीर लागलेत की काय, रोज बारीक होतोय.